व्यवसायाचा रकाना

बँकेच्या कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो. नाव, वय, पत्ता झाला की खाली 'व्यवसाय' असा शब्द आणि त्याच्यापुढे जेमतेम चार बोटं जागा. बहुतेकांचं उत्तर त्या जागेत मावतं. शेती. शिलाईकाम. किराणा दुकान. दुभती जनावरं. नोकरीची तीसेक वर्षं मी हे रकाने वाचले, तपासले. अर्जदाराला लिहिता येत नसेल तर स्वतःच्या हातानं भरले. त्यातल्या एका रकान्यासाठी मी जो शेरा लिहिला, तो मला अजूनही खुपतो.

गोष्ट आजऱ्याची आहे, १९८८ सालच्या पावसाळ्यातली. आंबोलीच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, हिरण्यकेशीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. घनसाळ तांदळामुळे आता त्याचं नाव दूरवर गेलंय. पण तेव्हा मला त्या नावाबरोबर फक्त पाऊस आठवायचा. जूनमध्ये सुरू झालेला पाऊस गणपती गेले तरी हटत नसे. लेजरच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढायची, शिक्क्याची शाई पसरायची आणि शाखेतला रेडिओ खरखरू लागला की शिपाई तो धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून 'मिस्त्रीं'कडे न्यायचा.

या मिस्त्रींचं खरं नाव इथं सांगत नाही. त्यांच्या आठ बाय दहाच्या दुकानाला नाव नव्हतंच. फळीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं : 'रेडिओ, घड्याळ, पेटी दुरुस्त करून मिळेल.' आत व्हॉल्व्हचे जुने रेडिओ, पोट उघडलेली भिंतीवरची घड्याळं, तांब्याच्या तारेची रिळं, पाण्याच्या मोटारी आणि या सगळ्यावर, उंच फळीवर, स्वच्छ कापडाखाली झाकलेली त्यांची स्वतःची हार्मोनियम. वडिलांनी भजनी मंडळासाठी घेतलेली. गिऱ्हाईक नसलं की मिस्त्री ती खाली काढत.

एक दिवस ते स्वतः अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक जुना, छोटा लेथ विकायला होता. आठ हजार रुपये हवे होते.

"व्यवसाय काय लिहू?" मी विचारलं.

"काय बी लिवा, सायेब. रेडिओ हाय, घड्याळं हायत. मोटारींचं वायंडिंग करतो. पेटीचे सूर लावतो. सप्त्याला तबल्यावर बसतो."

"मग लेथ कशाला?"

ते खुलले. मोटारीचे बुश कोल्हापूरला न पाठवता इथंच करता येतील, घड्याळाच्या चाकांच्या आस करता येतील; शिवाय पेटीच्या भात्याची एक नवी रचना डोक्यात आहे, तिला पितळी झडप लागेल. बोलता बोलता त्यांनी माझ्याच टेबलावरचा कागद ओढून झडपेचं चित्र काढलं. मागं रांग वाढत होती. मी अर्ज ठेवून घेतला आणि संध्याकाळी शेरा लिहिला : 'अर्जदाराचा निश्चित असा व्यवसाय नाही. सबब शिफारस करता येत नाही.'

लिहिताना मला वाईट वाटलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण आपल्याकडं लहानपणीच कानात घालतात. माणूस दहा ठिकाणी हात घालतो म्हणजे त्याचा एकाही ठिकाणी जम बसलेला नाही, असंच मी समजत होतो.

निवृत्तीनंतर कोल्हापूरच्या मूकपटांच्या काळावर कादंबरी लिहायचं मनात घेतलं आणि बाबूराव पेंटरांच्या आयुष्यात शिरलो. तेव्हा या समजुतीला पहिला तडा गेला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिथून जाणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना तो कशासाठी उभा केलाय हे ठाऊक नसेल.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. मेस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडं आला, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ उस्ताद. चित्रकलेचं आणि शिल्पाचं शिक्षण त्यांनी कुठल्या शाळेत घेतलं नाही. नात्यातले भाऊ आनंदराव आणि ते मिळून संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, अरण्य, नदीकाठ. गायक पुढं येऊन पद म्हणणार आणि त्याच्या मागं सपाट कापडावर मैलभर खोल रस्ता दिसणार. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना वेड लागलं. पडद्यावरचं चित्र हलतं कसं, हे त्यांना बघायचं होतं. मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, तो खोलला, आणि जी वस्तू चित्र दाखवते तिच्यावरून चित्र टिपणारी वस्तू कशी करता येईल याचा शोध सुरू झाला. १९१६ साली आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरलं आणि १९१८ साली कोल्हापुरात बनवलेला कॅमेरा चालू झाला.

यात काय अवघड होतं, हे थोडं सांगितलं पाहिजे. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म सरळ वाहत नाही. ती सरकते, थांबते, सरकते, थांबते. थांबली की भिंगापुढची झडप उघडायची, चित्र उमटवायचं. सरकताना झडप बंद. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायचं. फिल्मच्या कडेची भोकं आणि त्यांत अडकणारी आकडी यांचं माप केसाएवढं चुकलं तरी चित्र थरथरतं. आणि हे सगळं हातानं दांडा फिरवून. एका फेऱ्याला आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. समोर लढाई चालू असो नाहीतर कुणी रडत असो, हात त्याच लयीत राहायला हवा. तबलजी ठेका धरतो तसंच हे. गाणारा कितीही ताना घेवो, ठेका हलता कामा नये.

हे वाचत होतो तेव्हा मला आजऱ्याच्या मिस्त्रींचं, 'सप्त्याला तबल्यावर बसतो' हे वाक्य आठवलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

मग मी एक खेळ केला. जुन्या बँकवाल्याची खोड म्हणा. १९१७-१८ साली बाबूराव अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले असते तर? व्यवसाय : पडदे रंगवणे. कर्जाचं कारण : कॅमेरा बनवून चित्रपट काढणे. या धंद्यातला अनुभव : काही नाही. शेरा काय लिहिला असता हे सांगायला नको. त्यांना पैसे दिले ते तानीबाई कागलकरांनी. तानीबाई गायिका होत्या. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती एका गाणाऱ्या बाईच्या पैशावर. बाईंनी व्यवसायाचा रकाना बघितला नाही. काय बघितलं असेल, ते त्याच जाणोत. पण ज्यांनी आयुष्यभर मागच्या पडद्यासमोर उभं राहून गाणारे लोक पाहिले, त्यांना एखाद्याच्या हातात काय आहे ते कळत असावं.

१९२० साली 'सैरंध्री' आला. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की ते पुढं कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रण केलं. कपडे, दागिने, देखावे यांची चित्रं आधी स्वतः काढायची. जाहिरातीची मोठाली चित्रंही स्वतः रंगवायची. आणि १९२५ साली नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' केला. पौराणिक देवादिकांच्या त्या काळात कर्जात बुडालेला साधा शेतकरी पडद्यावर आणला. त्यात तरुण शेतकऱ्याचं काम करणारा मुलगा म्हणजे व्ही. शांताराम. मी शेतीकर्जाच्या खात्यात अनेक वर्षं काढली. सावकारी या विषयावरची परिपत्रकं पोत्यांनी वाचली. ज्या माणसानं स्क्रू, भिंगं आणि रंग यांत आयुष्य घातलं त्याला हा विषय दिसावा, याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. दुसऱ्याची वस्तू उघडून ती आतून कशी चालते हे बघायची सवय ज्याला लागली, तो कर्जसुद्धा उघडून बघणारच.

बाबूरावांच्या कंपनीतून दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि १९२९ साली 'प्रभात' निघाली. ही सगळी कथा मराठी वाचकाला माहीत आहे. मला त्यातले दामले महत्त्वाचे वाटतात. कॅमेऱ्याची चाकं जुळवणारा हा माणूस. बोलपट आल्यावर 'प्रभात'मध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू त्यांनी उचलली. आणि त्यांनी आणि फत्तेलालांनी मिळून दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ज्या बोटांना आधी लोखंड कळलं, त्यांनाच पुढं अभंगाचा आवाज कसा धरायचा हे कळलं. बाबूराव स्वतः मात्र पुढच्या काळात चित्र आणि शिल्प यांकडेच अधिक वळले. १९५४ साली ते गेले.

कोल्हापूरहून मिरज तासाभराच्या अंतरावर आहे. तिथं तर हा प्रकार आख्ख्या घराण्यात घडला. शिकलगार म्हणजे तलवारी, जंबिये यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची लढाई सरली, हत्यारांना गिऱ्हाईक उरेना. त्याच सुमारास मिरजेच्या पटवर्धनांकडं गवयांची वर्दळ होती आणि त्यांची वाद्यं मोडत होती. फरीदसाहेब शिकलगारांनी ती दुरुस्त करायला घेतली. धार लावणारा हात तंबोऱ्यावर आला. पंढरपूर भागातले मोठे भोपळे, तून वृक्षाचं लाकूड, आणि घोडीवरची जवारी. आज मिरजेचा तंबोरा देशभर जातो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

जवारी लावणं हे काम मी एकदा तासभर बसून पाहिलंय. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा अगदी किंचित उताराचा करतात, कानशीनं घासून. त्या उतारावर थरथरणारी तार पुन्हा पुन्हा टेकते आणि एका सुरातून अनेक सूर झरू लागतात. वर एक सुती दोरा तारेखाली सरकवायचा. केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी तंबोरा 'बोलतो'. खर्जाची तार नीट लागली तर तिच्यातून कुणी न छेडलेला गांधार ऐकू येतो. धार लावणाऱ्यालाच हे जमावं यात आश्चर्य काय? तलवारीचा काय आणि घोडीचा काय, किती घासायचं यापेक्षा कुठं थांबायचं, हेच त्यात शिकायचं असतं. तबल्याच्या शाईचंही तसंच. साध्या ढोलाचे वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध थर चढवत नेलेल्या शाईच्या वजनानं ते सुरेल नात्यात येतात. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं. तबला करणाऱ्या कारागिरांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे तर आमच्यातलेच, म्हणजे कचेरीतले. डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस. तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींचं गणित मांडायचं, असं त्यांनी घेतलं. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई गाणार आणि देवल मोजणार. १९१० साली त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांना सामील झाले आणि श्रुती वाजवणारी पेटी थेट लंडनहून करवून घेतली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली, पण जाणकारांना पटली नाही. आजही बावीस श्रुतींच्या आकड्यांवर पंडितांचं एकमत नाही. डॉक्टर असलेले विद्याधर ओक यांनी आपल्या काळात पुन्हा बावीस श्रुतींची पेटी केलीच. सोलापूरचे अच्युत गोडबोले आय.आय.टी.त केमिकल इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरच्या धंद्यात मोठ्या पदांवर गेले आणि संगणकावरच्या पुस्तकांबरोबर रागसंगीतावर 'नादवेध'ही लिहून बसले. ही माणसं काही कमी नाहीत. आपल्या घराघरांत त्यांच्या लहान आवृत्त्या असतात आणि आपण त्यांना, 'जरा एका गोष्टीवर लक्ष दे,' असं म्हणत असतो. मीही माझ्या मुलाला म्हणालो आहे.

असो. आजऱ्याला परत येतो.

१९९० साली माझी बदली झाली. निघायच्या आधी घड्याळ घ्यायला मिस्त्रींकडं गेलो. कोपऱ्यात लेथ होता. छोटा, हिरव्या रंगाचा.

"घेतलात म्हणजे!"

"घेतला की. व्याजानं काढलं. शेकडा पाच."

शेकडा पाच म्हणजे महिन्याला. वर्षाला साठ टक्के. आमचा त्या वेळचा दर त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आतबाहेर होता. मी फळीकडं पाहिलं. कापड होतं, घडी घातलेलं. पेटी नव्हती.

"ती गेली त्यात," मिस्त्री म्हणाले आणि घड्याळाला किल्ली देऊन माझ्या हातात ठेवलं. पैसे घेतले नाहीत. मी घड्याळ घेऊन निघालो आणि त्यांना काहीही बोललो नाही.

गेल्या वर्षी सासूबाईंची जुनी पेटी घरात निघाली. बायको म्हणाली, टाकून द्यायची नाही. पुण्यात, कोल्हापुरात सूर लावणारे चांगले लोक आहेत. मी ती गाडीत घालून आजऱ्याला नेली. दुकान तेच होतं, पाटीवर आता 'मोबाईल' हा शब्द वाढला होता. ते काम नातू बघतो. मिस्त्री ऐंशीच्या पुढं गेलेत. कान जवळजवळ गेले आहेत. मला वाटलं, आलो ते व्यर्थ. पण त्यांनी पेटी उघडली, भाता दाबून बघितला आणि पितळी पट्ट्या एकेक करून तपासायला घेतल्या.

पेटीचा सूर कानशीनं लावतात. पट्टीचं टोक घासलं की ती हलकी होऊन सूर चढतो. बुडाशी घासलं की ती लवचिक होऊन सूर उतरतो. एकदा जास्त घासलं गेलं की दुसऱ्या टोकाला घासून फेडावं लागतं, आणि तसं फार वेळा केलं की पट्टी मरते. नातवानं मोबाईलवर सूर दाखवणारं यंत्र लावून दिलं होतं. काटा मध्यावर आला की सूर बरोबर. षड्ज, पंचम काट्यानं लावले. गांधारापाशी आले तेव्हा त्यांनी मोबाईल पालथा ठेवला.

"ह्याला गांधार पटतो, आपल्याला न्हाई," ते म्हणाले.

देवलांचा सगळा वाद तो हाच. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. त्यात गांधार तंबोऱ्यातून झरणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा राहतो. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या भांडणातही हा चढा गांधार होता. बहिऱ्या म्हाताऱ्याला तो कसा कळणार? त्यांनी षड्ज आणि गांधार दोन्ही दाबायला मला सांगितलं आणि स्वतः दोन बोटं पेटीच्या लाकडावर टेकवली. दोन सूर जुळत आले पण जुळले नाहीत, तर त्यांच्यात एक लाट उठते, वँव वँव अशी. जुळत जातील तशी लाट मंद होते. ते ती लाट बोटांनी मोजत होते.

मध्येच, वर न बघता, त्यांनी विचारलं, "तवा त्या कागदावर काय लिवलं हुतं, सायेब?"

पस्तीस वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. मी मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं. नातवानं मान वर केली. मिस्त्रींनी कानस पट्टीच्या बुडाशी दोनदा फिरवली, फुंकर मारली.

"मग खोटं काय लिवलं?" ते म्हणाले. "निश्चित कुठं हुतं काय. पर लेथ पायजे हुता."

मी आणखी काही बोलणार होतो. त्यांनी हात वर केला.

"सोडू नका. दोनी दाबून धरा. अजून लाट हाय."